‘नक्की डिलीट करू?’ हा प्रश्न बंद करताय? या चुका टाळा

विंडोजमध्ये फाइल डिलीट करताना येणारा तो ‘नक्की का?’ बंद कसा करायचा, हे महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. करा की बंद. रिसायकल बिनवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, तळाशी असलेल्या ‘डिस्प्ले डिलीट कन्फर्मेशन डायलॉग’ची टिक काढा, ओके. संपलं. विंडोज ८ पासून तर ही टिक मुळातच काढलेली असते. तरी लोक तिथे जातात आणि भलतंच काहीतरी करून येतात.

भलतं म्हणजे, त्या टिकच्या वरच ‘डोन्ट मूव्ह फाइल्स टू द रिसायकल बिन’ असा पर्याय असतो. पुढे ‘फाइल लगेच काढून टाक’ असंही लिहिलेलं असतं, पण तिथवर वाचतंय कोण?

माझ्या एका सहकाऱ्याने घाईघाईत हाच निवडला. त्या खिडकीत वर ड्राइव्हची यादी असते आणि हा पर्याय निवडलेल्या ड्राइव्हपुरताच लागू होतो. त्याचा निवडला गेला होता डी. मग खात्री करायला त्याने डेस्कटॉपवरची एक फाइल उडवली. डेस्कटॉप सीवर, त्यामुळे ती काही न विचारता बिनमध्ये गेली. स्वारी खूश. कामाचं सगळं मात्र डीवर! तीन आठवड्यांनी एक जुनी एक्सेल फाइल हवी झाली, बिन उघडलं, तर आत नुसता सीवरचा कचरा. मग मला हाक. डी होता एसएसडीवर, म्हणजे चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर. डिलीट झालेली जागा आता मोकळी आहे, हे विंडोज ट्रिम कमांडने एसएसडीला कळवतं, आणि मग रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या हाती फारसं काही लागत नाही. दोन तास स्कॅन लावून बसलो. फाइलचं नाव सापडलं, साइजही बरोबर. आत शून्यंच शून्यं.

‘टिक काढली तरी विचारतंच’ अशी तक्रार आली की मी आधी समोरच्याची बोटं बघतो. शिफ्ट दाबलेलं असतं! शिफ्ट-डिलीटने फाइल बिनला वगळून कायमची जाते, म्हणून तो प्रश्न येतो. त्या टिकशी त्याचा संबंध नाही. बिनमध्ये न मावणाऱ्या मोठ्या फाइलचंही तेच. हाही प्रश्न नको असेल तर शिफ्टवरचं बोट उचला. दुसरी युक्ती मी सांगणार नाही.

प्रोग्रॅम फाइल्समधलं काही उडवताना ॲडमिनची परवानगी मागितली जाते, ती गोष्ट वेगळी. तेवढ्यासाठी यूएसी, म्हणजे ही परवानगी विचारणारी सोयच, बंद करणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

कमांड प्रॉम्प्टमधली डेल कमांड बिनमध्ये काहीच टाकत नाही. तिला स्लॅश क्यू (म्हणजे ‘न विचारता उडव’) जोडण्याआधी त्याच फोल्डरमध्ये डिर चालवून यादी डोळ्यांखालून घाला.

माझ्या मशीनवर प्रश्न बंदच आहे. रोज दिसणारा प्रश्न कोणी वाचत नाही. तो सहकारी हल्ली टिक चालू ठेवतो आणि खिडकी आली रे आली की एंटर मारतो. मी बिनची साइज मोठी ठेवतो आणि चुकलं की लगेच कंट्रोल-झेड दाबतो. फक्त सेटिंग्जमध्ये स्टोरेज सेन्स (आपोआप साफसफाई करणारी सोय) चालू असेल, तर बिनमधल्या फाइली किती दिवसांनी पुसायच्या ते एकदा बघून घ्या. तिथे ३० दिवस असेल, तर महिन्याभराने बिन धुंडाळण्यात अर्थ नाही.