कॅम्पर व्हॅनमधील लॅचिंग सोलेनॉइड जुन्याच स्विचवर

मुलुंडला उभ्या असलेल्या आमच्या व्हॅनमध्ये मागच्या बॅटरीचा पुरवठा तोडणाऱ्या साध्या सोलेनॉइडची (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचची) कॉइल सतत करंट घेत तापत असे, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून १२ व्होल्टचा, दोन टर्मिनलांच्या कॉइलचा लॅचिंग (म्हणजे करंट थांबला तरी आहे त्याच स्थितीत राहणारा) सोलेनॉइड आणला. त्याला क्षणभराचा करंट पुरतो. बंद करताना मात्र तो उलट्या दिशेने द्यावा लागतो. काढून टाकलेल्या पायरीच्या मोटरचा स्विच दारापाशी होताच. सहा टर्मिनलांचा आणि सोडताच मध्यावर परतणारा तो स्विच, मोटर दोन्ही दिशांना फिरवायची असल्यामुळे, आधीच आडव्या-उलट्या तारांनी, म्हणजे एकीकडे दाबल्यास करंट सुलट आणि दुसरीकडे दाबल्यास उलट जाईल असा, जोडलेला होता (असा योग क्वचितच येतो). मोटरच्या दोन तारा कॉइलला लावल्या. खरा प्रश्न स्विचच्या पुरवठ्याचा होता: तो सोलेनॉइडच्या पुढून, म्हणजे त्याने तुटणाऱ्या बाजूने, घेतल्यास एकदा बंद केल्यावर पुन्हा चालू करण्यास वीजच उरत नाही. त्यामुळे ती तार बॅटरीच्या बाजूला, फ्यूज घालून जोडली.