टंचाईतल्या घरांसाठी आहारवर्ग: शिकवणारी व्यक्ती त्यांच्यातलीच हवी

महिनाअखेरीला डबे रिकामे होतात त्या घराला ‘दूध, फळं, सुकामेवा खा’ हे सांगून काही उपयोग नाही. म्हणून शिकवायला अशी व्यक्ती निवडा, जिने स्वतः ओढाताणीत घर चालवलंय आणि जिच्याकडे शेजारीपाजारी आपणहून विचारायला येतात. शिक्षण किती झालंय हे गौण आहे. तिला मानधन मात्र द्याच. ज्याचं स्वतःचं भागत नाही त्याच्याकडून फुकट राबवून घेणं अन्यायाचं आहे.

गट ८ ते १२ जणांचा, वेळ तासभर, विषय एकच. घरात काय आहे हे सगळ्यांसमोर विचारू नका. लाजेपोटी लोक नसलेलंही सांगतात. वस्तूंची चित्रं असलेल्या चिठ्ठ्या वाटा. घरात असेल त्याची चिठ्ठी प्रत्येकाने नाव न घालता डब्यात टाकायची. ज्या चिठ्ठ्या जास्त निघतील, त्याच वस्तू पुढच्या वेळी शिजवून दाखवा.

समजा राजमा निघाला. तो ८ ते १२ तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि ताज्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळायचा. मग आच मंद करून बोटाने सहज चिरडेल इतका मऊ शिजवायचा. इंधन वाचवायला सुरुवातीपासूनच मंद आचेवर ठेवला, तर त्यातलं विषारी द्रव्य नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. भिजवल्याने इंधन तसंही वाचतं. सोबत कुठलंही धान्य असू द्या: धान्यात लायसिन (प्रथिनांमधला शरीराला लागणारा एक घटक) कमी असतं, ते कडधान्यातून मिळतं. वरून लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं. चहा-कॉफीने उलटं होतं, म्हणून ती जेवणानंतर तासाभराने.

शेवटी ‘समजलं का?’ विचारलं की सगळे माना डोलावतात. त्यापेक्षा ‘घरी हे कसं सांगाल?’ असं विचारा. जिथे अडखळतील, तेवढंच पुन्हा करून दाखवा.

शिकवणाऱ्या व्यक्तीला तिची मर्यादाही पहिल्याच दिवशी नीट सांगा. इन्सुलिन घेणाऱ्याला जेवण चुकवावं लागत असेल, तर सल्ला डॉक्टरांचाच. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसली, तर वर्ग संपायची वाट न पाहता त्याला दवाखान्यात पोचवा.