ताणाची ट्रायल लावताय? आधी रानाचा उतार बघा

एमएस्सी ॲग्रीला ज्यांची यंदा फील्ड ट्रायल आहे आणि विषय पाण्याचा ताण, ऊन, क्षार असला काहीतरी आहे, त्यांच्यासाठी लिहितेय. आरबीडी (रान ब्लॉकमध्ये वाटून प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळ्या ट्रीटमेंट चिठ्ठीनं टाकायची पद्धत) काय असतं, सीडी (दोन ट्रीटमेंटमधला फरक खरा धरायला लागणारा किमान आकडा) कशी काढतात हे तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही. माझं एक अख्खं वर्ष कशात गेलं ते सांगते.

माझी ट्रायल माण तालुक्यात होती, दहिवडीच्या पुढं, एका शेतकऱ्याच्या रानात. पीक शाळू म्हणजे रब्बी ज्वारी, वाण मालदांडी ३५-१. प्रश्न एवढाच की विहिरीत एकाच पाण्यापुरतं पाणी असेल तर ते कधी द्यायचं, महिन्याच्या पिकाला, पोटरीत (कणीस बाहेर पडायच्या आधी), फुलोऱ्यात का दाणा भरताना. ६ ट्रीटमेंट (पाणी द्यायचे वेगवेगळे प्रकार), ४ रेप (प्रत्येक प्रकार चार वेळा), २४ प्लॉट. सातारा म्हटलं की लोकांना महाबळेश्वरच दिसतं, तिथं वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माणला ५०० च्या आसपास, तोही परतीच्या पावसाने साथ दिली तर. ताण बघायला जागा चांगलीच निवडली होती.

लेआउटच्या दिवशी ज्यांचं रान ते नाना बांधावर उभे राहून म्हणाले, "पोरी, वरच्या अंगाला फूटभर खाली मुरूम लागतोय. खालचं अंग काळं हाय, तिथं गाडग्यात राहावं तशी ओल राहती." मी हो नाना म्हटलं आणि टेप ताणत राहिले. एका सीनियरच्या थिसिसमधला लेआउट माझ्याकडं तयार होता ना. ब्लॉक उभे, वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत, पाइप टाकायला सोयीचे.

आता इथं नीट थांबून वाचा. ब्लॉक कशासाठी करतो आपण? एका ब्लॉकमधल्या सगळ्या ट्रीटमेंटना जमीन सारखी मिळावी म्हणून. उतार जर वरून खाली असेल तर ब्लॉक उताराला आडवे पाहिजेत, म्हणजे मुरमाकडचा सगळा पट्टा एक ब्लॉक, त्याच्या खालचा दुसरा, आणि शेवटचा ब्लॉक काळ्या जमिनीत. मी उभे पाडले. म्हणजे माझ्या प्रत्येक ब्लॉकमध्ये मुरूमही आला आणि काळी जमीनही आली. काळ्या जमिनीच्या मीटरभर खोलीत पिकाला मिळेल असं पाणी साधारण १५० ते २०० मिलिमीटर मावतं, तेच फूटभर जमिनीत ५०-६० सुद्धा मुश्किलीनं. पीक दिवसाला ३-४ मिलिमीटर ओढतंय धरलं तर वरच्या प्लॉटचा साठा पंधरा दिवसांत संपला आणि खालचे महिनाभर खुशाल उभे. मी देतेय ते एक पाणी या फरकापुढं कुठं दिसणार?

आणि झालंही तसंच. पोटरीत पाणी दिलेल्या चारपैकी तीन प्लॉट चिठ्ठीनं वरच्या अंगाला गेलेले. जानेवारीत तिथली ताटं वाऱ्यानं लोळली. एक धाट चिरून बघितलं तर आतला गाभा सुकून धागे धागे झालेला आणि त्यावर कोळशाची पूड टाकल्यासारखे काळे ठिपके, म्हणजे खडखड्या रोग. दाणा भरताना जमीन कोरडी पडली की याची भीती असतेच. तिकडं खाली, अजिबात पाणी न दिलेल्या प्लॉटमध्ये कणसं भरलेली. सीव्ही (प्रयोगातली चूक सांगणारा आकडा, कमी तेवढा चांगला) २६ टक्के आला, एकही फरक सिग्निफिकंट नाही, म्हणजे योगायोग नाही असं म्हणता येईल एवढा मोठा नाही. त्या रात्री हॉस्टेलवर मी जेवले नाही.

सीनियरचा लेआउट उचलू नका, स्पष्टच सांगते. तो त्याच्या रानाचा असतो. गाइडच्या भरवशावरही राहू नका, बरेच गाइड लेआउटला येतच नाहीत, माझेही नव्हते आले. त्या रानात वीस वर्षं पेरणीची पाभर धरलेला माणूस हाच तुमचा पहिला गाइड, हे मी आता कुणापुढंही म्हणेन.

पण घाबरू नका, हे टाळायला खर्च शून्य आहे. बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई घ्या आणि दर दहा पावलांवर दाबून बघा, मुरूम लागला की आवाज बदलतो, हाताला झटका बसतो. खोली वहीत लिहा, त्यावरून ब्लॉक ठरवा. आधीच्या पिकाची उंची कुठं कमी होती तेही विचारा, मालकाला पाठ असतं.

दोन छोट्या गोष्टी. दुपारी दोनला पानं गुंडाळलेली दिसली म्हणून लगेच ताण लिहू नका, सकाळी आठला जाऊन बघा, तेव्हाही गुंडाळलेली असतील तर तो खरा ताण. आणि पाऊस तालुक्याच्या आकड्यावरून घेऊ नका, माणमध्ये एका ओढ्याच्या अल्याड पडतो, पल्याड पडत नाही. साधं पर्जन्यमापक प्लॉटवरच लावा.

दुसऱ्या हंगामात त्याच रानात ब्लॉक आडवे टाकले, दोरीचं दुसरं टोक नानांनीच धरलं होतं. सीव्ही ११ वर आला, पोटरीत पाणी दिलेले प्लॉट सरळ सगळ्यात वर दिसले. तेव्हा पहिलं वर्ष वाया गेलेलं कुणी असेल तर धीर सोडू नका, वेळ जास्त लागेल, पण थिसिस होतो.

एक राहिलंच, सळई वापशावर घाला, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी असताना. उन्हाळ्यात काळी जमीन दगडासारखी होते, सळई कुठंच उतरत नाही आणि सगळीकडं मुरूमच आहे असं वाटतं.