ओपन सोर्स प्रकल्प कुठे ठेवायचा?

"गिटहबवर टाका, सगळे तिथेच आहेत" हा सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. (गिटहब म्हणजे प्रकल्पाचा कोड ठेवायची आणि त्यावर मिळून काम करायची वेबसाइट; ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो ते.) गर्दीचा फायदा असतोच. एक ओळ दुरुस्त करायला नवं खातं काढावं लागलं की बरेच जण तिथूनच मागे फिरतात. तरी गर्दी बघण्याआधी उद्या निघायची वेळ आली तर सोबत काय काय नेता येईल, ते बघा. ही वेळ येते. गुगल कोड ही अशीच साइट जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली, तर बिटबकेट या दुसऱ्या साइटने २०२० मध्ये मर्क्युरिअलच्या (गिटसारखंच, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पांची कोठारं, काढून टाकल्या.

आधी पर्याय छाटा. गिटहब, गिटलॅब, नाहीतर बर्लिनची ना-नफा संस्था चालवते ते कोडबर्ग. स्वतःच्या सर्व्हरवर फोर्जेजो (अशी साइट स्वतः चालवायचं सॉफ्टवेअर) बसवायची हौस असेल, तर अपडेट आणि बॅकअप कोण बघणार, हे आधी ठरवा. "बघू कोणीतरी" म्हणजे कोणीच नाही.

आता खरी मेख. "गिट आहे ना, मग सगळं आपल्याकडेच आहे," असं ऐकलं की माझं डोकं फिरतं. क्लोन केल्यावर, म्हणजे रिपॉझिटरीची पूर्ण प्रत उतरवून घेतल्यावर, कोड आणि कमिटचा (नोंदवलेल्या प्रत्येक बदलाचा) इतिहास येतो. इश्यू (चुकांच्या आणि सूचनांच्या नोंदी), रिव्ह्यूमधला (बदल तपासतानाचा) वाद, एखादा निर्णय का घेतला याची कारणं यातलं काहीच येत नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आहे. गिटहबवर इश्यू आणि पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) एकाच क्रमात मोजले जातात, गिटलॅबवर वेगवेगळ्या. स्थलांतरात आकडे हलले, तर '#८७ दुरुस्त' हा कमिट संदेश भलत्याच इश्यूकडे बोट दाखवतो.

म्हणून निवड पक्की करण्याआधी रंगीत तालीम घ्याच. चाचणीपुरती रिपॉझिटरी काढा, तीत दोन-चार इश्यू आणि एक पुल रिक्वेस्ट टाका. दोन खात्यांवरून प्रतिक्रिया लिहा आणि सगळं दुसऱ्या ठिकाणी आयात करून बघा. आकडे टिकले का? प्रतिक्रिया मूळ माणसांच्याच नावावर आहेत, की सगळ्या आयात करणाऱ्याच्या? काही असो, मोठे निर्णय रिपॉझिटरीतल्याच मजकूर फाइलमध्ये लिहीत चला. ती क्लोनबरोबर येते.

प्रकल्प वैयक्तिक खात्यात ठेवू नका. ऑर्गनायझेशन (अनेकांचं सामायिक खातं) काढा आणि किमान दोघांना मालकीहक्क द्या. डोमेन आणि पायपीआय किंवा एनपीएमवरचं (पायथन आणि जावास्क्रिप्टची तयार पॅकेजेस जिथून मिळतात त्या ठिकाणांवरचं) पॅकेज यांनाही हाच नियम. लोक नेमकं तेच विसरतात.

रिपॉझिटरी सुरुवातीला एकच पुरे. परवान्याची (कोड कोणी कसा वापरायचा ते सांगणारी) फाइल पहिल्याच दिवशी टाका.