टोल बंद झालेल्या पुलाची देखभाल कोणाकडे आहे, हे कसे शोधावे

टोल कसा घालवायचा, हे कोल्हापूरकरांना कोणी शिकवण्याची गरज नाही. शहरातील सुमारे ४९ किलोमीटर रस्त्यांवरचा टोल दीर्घ आंदोलनानंतर राज्य सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये रद्द केला. मात्र रस्ता असो वा पूल, ठेकेदाराचा करार संपला की देखभालीची त्याची बंधनेही संपतात. ती नेमक्या कोणत्या कार्यालयाने स्वीकारली, याची चौकशी मात्र सहसा होत नाही.

पहिले काम म्हणजे मालकी निश्चित करणे. पूल शहरालगत आहे म्हणून तो महापालिकेचाच असेल, असे गृहीत धरू नये. पंचगंगेवरील जुन्या शिवाजी पुलाशेजारचा पर्यायी पूल महापालिकेने नव्हे, तर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाने उभारला. कागद माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून मागावेत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तरी या कायद्याच्या कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवावा लागतो. पण प्रत्यक्षात तेवढ्यावर विसंबून राहू नये.

अर्ज विहित नमुन्यात, दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर १५० शब्दांत बसावा, म्हणून एका अर्जात एकाच पुलाबद्दल विचारावे. टोलवसुली बंद करणारी अधिसूचना, ताबा घेतानाचे हस्तांतरणपत्र व त्यासोबतचा तपासणी अहवाल, ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी (कामातील दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत) आणि देखभालीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली (सरकारी हिशेबातील खर्चाच्या सदराखाली) टाकला जातो, एवढ्यांच्या प्रती मागाव्यात. ‘पूल सुरक्षित आहे का?’ असे विचारू नये. मत मागणाऱ्या प्रश्नाला कार्यालय सहज बगल देते, कागद मागितला की तशी सोय राहत नाही. हस्तांतरणाच्या वेळचा तपासणी अहवाल सर्वांत मोलाचा, कारण जुने दोष कोणाच्या खर्चाने दुरुस्त व्हायचे होते, हे त्यावरूनच ठरते.

कलम २(ञ) नुसार प्रत्यक्ष कामाची पाहणीही मागता येते. पाहणीत प्रसरण सांध्यांमधील (पूल उन्हाने प्रसरण पावतो म्हणून ठेवलेल्या फटींमधील) रबर फाटले आहे का, पावसाचे पाणी काढणारे नळ मातीने बुजले आहेत का, खांबांच्या फटींत पिंपळ रुजला आहे का आणि बेअरिंगभोवती (खांब आणि वरचा पूल यांमधील आधारांभोवती) कचरा साठला आहे का, एवढे तरी पाहावे व तारखेसह छायाचित्रे घ्यावीत. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर झालेल्या तपासण्यांच्या नोंदी स्वतंत्र अर्जाने मागाव्यात. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्याने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली असेल, त्या वर्षी पायाजवळची माती खरवडली गेली का, याचा उल्लेख त्या नोंदींत आहे का, हे आवर्जून पाहावे.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते अपुरे वाटल्यास, पुढील तीस दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे आणि अर्जाची पोचपावती सोबत जोडावी.