चार्ज घेताय? आधी पोती मोजा

आमच्याकडे मुख्याध्यापक तयार कुणी करत नाही, चार्ज अंगावर येऊन पडतो. आरटीईनुसार (शिक्षण हक्क कायदा) पहिली ते पाचवीचा पट 150 च्या वर असेल तरच वेगळा मुख्याध्यापक, मग छोट्या जि.प. शाळेत जो सेवाज्येष्ठ तो वर्ग सांभाळून प्रभारी. मी तसाच झालो.

आमचे सर 31 मे ला रिटायर झाले. हारतुरे, फोटो, पेढे, आणि त्याच गडबडीत "अहो करा सही, मी आहे ना" म्हणत चार्ज यादी पुढे सरकवली, मी केली. इथेच फसलो. पोषण आहाराच्या साठा रजिस्टरला तांदूळ 420 किलो, खोलीत 50 किलोची सातच पोती, म्हणजे 70 किलो कमी. प्राथमिकला पोरामागे 100 ग्रॅम, म्हणजे 700 ताटांचा हिशोब आणि खुलासा द्यायचा मी, कारण सही माझी. सरांनी नंतर फोनच उचलला नाही. म्हणून सांगतो, पोतं, कॅशबुक, बँकेची शिल्लक, जनरल रजिस्टरची (पोरांच्या दाखल-नोंदीचं) पानं, सगळं स्वतः मोजा आणि कमी असेल तर यादीवरच तसं लिहून मग सही करा. सर कितीही देवमाणूस असू देत. "मी आहे ना" म्हणणाऱ्यापासून तर दोन हात लांबच, आणि ग्रुपवर फिरणारे रेडीमेड खुलाशाचे नमुने वापरू नका, साहेब लोक ते पाठ करून बसलेत.

घाबरू नका पण, हे काम जमतं. मला दोन वर्षं लागली, तुम्हाला कदाचित सहा महिनेच लागतील.

आता मी पुढचं माणूस हेरतोय. यू-डायस, म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती, भराभर भरणारा म्हणजे पुढचा मुख्याध्यापक असं सगळे धरून चालतात, मला नाही पटत, त्याला आपण फुकटचा क्लार्क करून टाकतो. माझं लक्ष आमच्या तिसरीच्या मॅडमवर गेलं. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक, निम्म्या बायका, आणि मीटिंगला त्या बायका माझ्याशी नाही, या मॅडमशी बोलतात. म्हणून यंदा मीटिंग त्याच चालवतात, इतिवृत्त त्याच लिहितात, साठा रजिस्टरही त्यांच्याकडे, मी नुसता शेजारी बसतो. (जीभ चावत बसतो खरं तर.)

परवा नवा माल आला. मॅडमनी काटा मागवला, टेम्पोवाला वैतागला, "बाई, कधी मोजलंय का तुमच्या सरांनी?" त्या काही बोलल्या नाहीत. चौथं पोतं 46 किलोच भरलं.

"सर, पावतीवर 46 लिहू ना?"


"लिहा."