गाडीचा अपघात झाल्यावर काय करायचं?

अपघातानंतर बहुतेकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘मला काही झालेलं नाही.’ स्वतःच्या या वाक्यावर लगेच विश्वास ठेवू नका. अशा वेळी अंगात ॲड्रेनलिन हे संप्रेरक उसळलेलं असतं. त्याच्या भरात दुखणं जाणवत नाही आणि माणूस नको ती घाई करतो. आधी दोन-चार खोल श्वास घ्या. इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, चारही इंडिकेटर लावा. एअरबॅग फुगल्यावर गाडीत धूर झाल्यासारखं दिसतं. ती बहुधा बारीक पूड असते, आग नव्हे. घसा मात्र खवखवतो आणि दमेकऱ्यांना जास्त त्रास होतो.

दुसरी धडक टाळा

थांबलेल्या गाडीवर मागून दुसरी गाडी आदळण्याची भीती मोठी असते. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. इशाऱ्यासाठी रस्त्यावर ठेवायचा तुमचा लाल त्रिकोण 50 मीटर मागे असला, तरी त्या चालकाच्या हातात जेमतेम सव्वादोन सेकंद उरतात. म्हणून तो भरपूर मागे, मागे वळण असेल तर येणाऱ्याला वळणाच्याही आधी दिसेल असा ठेवा. भरधाव महामार्गावर मात्र त्रिकोणासाठी चालत जाण्याचा नाद सोडा, सगळ्यांना घेऊन कठड्यापलीकडे जा. कोणी जखमी नसेल आणि गाडी हलत असेल, तर पटकन दोन फोटो काढून ती कडेला घ्या. दोन गाड्यांच्या मधे उभं राहून वाद घालू नका.

जखमींकडे

रुग्णवाहिकेला फोन करताना रस्त्याचं नाव, जाण्याची दिशा, जवळचा पूल किंवा किलोमीटरचा दगड सांगा. मग जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी वळा. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, एवढं तरी नक्की. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. ते भिजलं तर न काढता त्यावरच दुसरं ठेवा. मान किंवा पाठ दुखतेय म्हणणाऱ्याला आग लागल्याशिवाय किंवा श्वास अडल्याशिवाय हलवू नका. जखमीला पाणी पाजायची आपली सवय इथे घातक ठरते, कारण ठसका लागू शकतो आणि पुढे शस्त्रक्रियेची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं. गाडी इलेक्ट्रिक असेल तर उघड्या पडलेल्या नारिंगी केबलला हात लावू नका.

फोटो आणि नोंदी

माझ्या गाडीला धडक बसली तेव्हा मी अकरा फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर अकराही माझ्याच चेपलेल्या बंपरचे! समोरच्या गाडीचा नंबर एकातही नव्हता. तेव्हा आधी लांबून फोटो घ्या. दोन्ही गाड्या, नंबरप्लेट, रस्ता, सिग्नल, टायरचे काळे पट्टे, काचांचा खच सगळं त्यात आलं पाहिजे. मग जवळून घ्या. समोरच्याचं नाव, फोन, लायसन्स आणि विमा पॉलिसीचा नंबर टिपा, साक्षीदाराचाही फोन घ्या. डॅशकॅम, म्हणजे काचेमागून रस्त्याचं चित्रण करणारा कॅमेरा, असेल तर त्याचं कार्ड काढून ठेवा, नाहीतर तो जुन्या चित्रणावरच नवं चित्रण करत राहतो.

समोरच्याची विचारपूस जरूर करा, पण ‘चूक माझीच’ किंवा ‘तुझीच’ हा निवाडा रस्त्यावर नको. कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नको. पोलिसांना जे पाहिलं तेच सांगा. अंदाज असेल तर अंदाज म्हणा.

विमा आणि गॅरेज

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू देऊ नका. खालून पाणी किंवा तेल गळत असेल तर ‘गॅरेजपर्यंत जाईल’ म्हणत गाडी चालवू नका, टोइंग बोलवा. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटविना ते तापून जाम होतं. सीटबेल्ट तपासून घ्या, कारण धडकेत तो खेचून धरणारी यंत्रणा एकदाच वापरायची असते. जोरदार धडकेनंतर लहान मुलाची सीटही बदला, वरून धड दिसली तरी.

पुढचे दोन-तीन दिवस

मानेला बसलेला झटका कित्येकदा दुसऱ्या दिवशी कळतो. सकाळी मान वळत नाही, खांदे भरून येतात. डोकं आपटलं असेल आणि उलट्या, गुंगी, बोलण्यात गोंधळ किंवा वाढती डोकेदुखी जाणवली, तर तडक रुग्णालय गाठा. डॉक्टरांचे कागद जपून ठेवा. आणि दाव्याच्या अर्जात ‘इजा’ असा रकाना असेल, तर तपासणी होईपर्यंत तिथे ‘नाही’ लिहू नका.